सिझेरियन शस्त्रक्रियेनंतरची प्रसूती

सिझेरियन शस्त्रक्रियेनंतरची प्रसूती : उदर व गर्भाशय यांना छेद घेऊन ज्या स्त्रीचे आधीचे मूल बाहेर काढावे लागले असेल, त्या स्त्रीची पुढील प्रसूती कोणत्या मार्गाने व्हावी, हा प्रसूतिविज्ञानातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. त्यास दोन उत्तरे संभवतात. पहिले, कळा सुरू होऊ देऊन योनिमार्गे प्रसूती होण्याची संधी देणे. यास ‘कळांची चाचणी’ असे म्हणतात. दुसरे, कळा सुरू होण्यापूर्वीच आधी ठरविलेल्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया करणे. यास ‘नियोजित पुनःशस्त्रक्रिया’ म्हणतात. चाचणी यशस्वी झाली, तर योनिमार्गे प्रसूती होते. अयशस्वी झाली, तर कळा चालू असतानाच तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे मार्ग दोन असले, तरी निष्पत्ती तीन प्रकारची असते. या तिहींपैकी यशस्वी योनिमार्गी प्रसूतीत मातेला सर्वांत कमी उपद्रव होतो व चाचणी फसून कराव्या लागणाऱ्या तातडीच्या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त. नियोजित पुनःशस्त्रक्रिया या दोहोंच्या मध्ये येते. त्यामुळे निवड करताना चाचणी यशस्वी होण्याचा संभव किती, हा विचार सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या शस्त्रक्रियेनंतर माता क्वचितच वाचत असल्यामुळे पुढील प्रसूतीचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. १८७६ मध्ये पाव्हिया (इटली) येथील एदोआर्दो पोर्रो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयही काढून टाकण्याची पद्धत सुरू केली. तीमुळे रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांना आळा बसून माता वाचू लागल्या, परंतु त्यांना पुन्हा गर्भधारणा होणे शक्य नव्हते. १८८२ मध्ये लाइपसिक (जर्मनी) येथील माक्स झेंगर यांनी गर्भाशयाचा छेद टाके घालून बंद करण्याची पद्धत पुरस्कारिली. तेव्हापासून माता व तिचे गर्भाशय ही दोन्ही वाचू लागली आणि व्रण असलेल्या गर्भाशयात पुन्हा गर्भ वाढण्याचे प्रसंग येऊ लागले. त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागात उभा घेत असत व तो पुढील गर्भारपणात फाटण्याचे प्रमाण बरेच होते. १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतिविज्ञ एडविन क्रेगिन यांनी एकदा सिझेरियन झाले की पुढेही नेहमी तेच करावे लागते, अशा अर्थाचे विधान केले व ते फार प्रसिद्धी पावले. पहिली शस्त्रक्रिया विनाकारण करू नये, असा इशारा देण्याचा त्यांचा उद्देश होता. परंतु पुढील अर्धशतकाहून अधिक काळ अमेरिकेत हे विधान नियम म्हणूनच पाळले गेले.

दरम्यान शस्त्रक्रियेच्या तंत्रात मूलगामी बदल झाला. गर्भाशयाच्या अधःखंडात आडवा छेद घेण्याची रीत जर्मनीत फेर्डिनांट केरर यांनी १८८१ मध्ये अवलंबिली होती. ग्लासगो येथील मन्रो केर यांनी १९२० नंतरच्या दशकात तिचा पुरस्कार केल्यावर ती हळूहळू सर्वत्र रूढ झाली. हा व्रण अधिक टिकाऊ असल्याचे दिसून आल्याने ब्रिटन व यूरोपातील इतर देशांत निवडक स्त्रियांना योनिमार्गे प्रसूत होऊ देण्याची प्रथा पडली. अमेरिकेत १९८० साली राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या तज्ञ परिषदेने अशी प्रसूती योग्य त्या परिस्थितीत स्वीकारार्ह असल्याचे मान्य केले. त्यानंतर तेथे तिचे प्रमाण वाढत जाऊन १९९६ मध्ये पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांपैकी सु. २८ टक्के स्त्रिया योनिमार्गे प्रसूत झाल्या. परंतु काटेकोर निवड न करता चाचणी दिल्यामुळे व कळा आणण्यासाठी औषधांचा सढळ वापर झाल्यामुळे गर्भाशय फाटण्याच्या घटना नजरेस आल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतील प्रसूतिविज्ञांच्या संघटनेने तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी वैद्य तत्काळ उपलब्ध असावा, अशी शिफारस केली. अनेक लहान रुग्णालयांनी चाचणी देणेच बंद केले आणि काही वर्षांतच हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले. २०१० मध्ये भरलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय परिषदेने बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत चाचणी हा वाजवी पर्याय असल्याचे पुन्हा प्रतिपादन केले.

व्रणाचे प्रकार : गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचे ऊर्ध्वखंड व अधःखंड असे दोन भाग स्पष्ट होतात. ऊर्ध्वखंडाचे स्नायू जाड असून कळांच्या वेळी तेच जोराने आकुंचन पावतात. अधःखंड पातळ असतो आणि तो कळांबरोबर ताणला जातो, पण स्वतः फारसे आकुंचन पावत नाही. अधःखंडातील आडवा व्रण भरून येताना स्थिर राहतो व पुढील प्रसूतीच्या वेळी त्यावर आकुंचनाचा थेट ताण येत नाही. याउलट ऊर्ध्वखंडातील उभ्या व्रणाचे स्नायू प्रत्येक कळेबरोबर ओढले जातात. असा व्रण फाटण्याचा संभव कित्येक पटींनी अधिक असून तो कळा सुरू होण्यापूर्वीही फाटू शकतो. गर्भ फार अपुऱ्या दिवसांचा असताना, तो आडवा असताना किंवा वार खालच्या बाजूस चिकटलेली असताना काही वेळा असा उभा छेद घ्यावा लागतो. कधीकधी आडवा छेद वर वाढवावा लागून व्रण उलट्या टी अक्षरासारखा होतो. तोही धोक्याचाच समजतात.

पोटाच्या कातडीवरील व्रणावरून गर्भाशयावरील व्रणाचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कातडीवर आडवा व्रण असून आत उभा छेद घेतलेला असू शकतो आणि याच्या उलटही असू शकते. म्हणून आधीच्या शस्त्रक्रियेची मूळ नोंद मिळविणे ही निर्णयाची पहिली पायरी होय.

व्रण फाटणे : हा चाचणीतील मुख्य धोका होय. काही वेळा व्रणाच्या कडा विलग होतात, पण बाहेरचे उदरावरण शाबूत राहते; यामुळे सहसा लक्षणे उद्भवत नाहीत व शस्त्रक्रियेच्या वेळीच ही स्थिती आढळते. सर्व थर फाटून गर्भाशयाची पोकळी उदरपोकळीस मिळाल्यास मात्र मातेस मोठा रक्तस्राव होतो, गर्भ किंवा वार उदरपोकळीत येऊ शकते व गर्भाचा ऑक्सिजनाचा पुरवठा तुटतो.

अधःखंडात एकच आडवा व्रण असलेल्या स्त्रियांमध्ये चाचणीच्या वेळी व्रण फाटण्याचे प्रमाण साधारणतः दर २०० स्त्रियांत एक इतके आहे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १७,८९८ स्त्रियांना चाचणी देण्यात आली. त्यांपैकी सु. ७३ टक्के स्त्रिया योनिमार्गे प्रसूत झाल्या व ०.७ टक्का स्त्रियांचे गर्भाशय फाटले. वॉशिंग्टन राज्यातील सु. २०,००० स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या २००१ मधील अभ्यासात हे प्रमाण दर हजारी असे आढळले : कळांविना पुनःशस्त्रक्रिया १.६, कळा आपोआप सुरू झाल्यास ५.२, प्रोस्टाग्लँडिनांखेरीज अन्य उपायांनी कळा आणल्यास ७.७ आणि प्रोस्टाग्लँडिने वापरल्यास २४.५. कळा कशा सुरू होतात यावर धोका किती अवलंबून असतो, ते या आकड्यांवरून दिसून येते.

व्रण फाटण्याची सर्वांत नेहमी आढळणारी खूण म्हणजे गर्भाच्या हृत्स्पंदांत होणारा बिघाड होय. दोन कळांच्या मधल्या काळातही न थांबणारी वेदना, व्रणाच्या जागी अचानक उठणारी कळ, योनिमार्गे रक्तस्राव, लघवीत रक्त येणे, चालू असलेल्या कळा एकाएकी बंद पडणे, खाली उतरलेले मूल पुन्हा वर सरकणे, नाडी जलद होऊन मातेची प्रकृती ढासळणे ही अन्य लक्षणे होत. यांपैकी एकही लक्षण निर्णायक नसते व सर्व एकत्र क्वचितच आढळतात. निदान होताच काही मिनिटांत शस्त्रक्रिया सुरू करता आली, तर माता व मूल ही दोन्ही बहुधा वाचतात. काही वेळा मात्र गर्भाशय काढून टाकावे लागते.

पुनःशस्त्रक्रियेचे धोके : नियोजित शस्त्रक्रियेत व्रण फाटण्याचा धोका जवळजवळ टळतो, दिवस आधी ठरविता येतो व कळांच्या अनिश्चिततेतून सुटका होते. ब्रिटनमधील प्रसूतिविज्ञांच्या राजमान्य महाविद्यालयाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीशी संबंधित अर्भकमृत्यूचे प्रमाण चाचणीत दर १०,००० मध्ये सु. ४ व नियोजित शस्त्रक्रियेत सु. १ असते. चाचणीतील हे प्रमाण पहिलटकरणीच्या प्रसूतीतील प्रमाणाएवढेच आहे. याउलट मातेच्या मृत्यूचे प्रमाण दोन्ही पर्यायांत अत्यल्प असले, तरी ते नियोजित शस्त्रक्रियेत अधिक म्हणजे दर लाखात सु. १३ व चाचणीत सु. ४ असे दिले आहे. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकांत जन्मानंतर काही काळ धाप लागण्याचे प्रमाण ४ ते ५ टक्के, तर योनिमार्गे जन्मलेल्यांत २ ते ३ टक्के असते. गर्भारपणाचे ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास हा त्रास वाढतो. म्हणून अन्य वैद्यकीय कारण नसल्यास त्याआधीचा दिवस ठरवीत नाहीत. काही कुटुंबांत शस्त्रक्रियेसाठी मुहूर्त पाहण्याची चाल आहे. मुहूर्तासाठी ही मर्यादा ओलांडणे बालकाच्या हिताचे नाही.

पुनःशस्त्रक्रियेचा सर्वांत गंभीर परिणाम त्या प्रसूतीत नव्हे, तर त्यापुढील गर्भारपणात दिसतो. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर आतड्यांचे व मूत्राशयाचे चिकटबंध वाढतात. शिवाय पुढील गर्भाची वार जुन्या व्रणावर रुजून गर्भाशयाच्या स्नायूंत खोलवर शिरण्याचा संभव वाढत जातो. अशी वार प्रसूतीनंतर सुटत नाही, प्रचंड रक्तस्राव होतो व बहुधा गर्भाशय काढावे लागते. अमेरिकेत ३०,१३२ स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवर आधारलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोल रुजलेल्या वारेचे प्रमाण पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी ०.२४ टक्का, दुसऱ्या वेळी ०.३१, तिसऱ्या वेळी ०.५७ व चौथ्या वेळी २.१३ टक्के आढळले. वार गर्भाशयाच्या मुखाशी आलेली असेल, तर हेच प्रमाण पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या शस्त्रक्रियेच्या वेळी अनुक्रमे ३, ११, ४० व ६१ टक्के होते. यामुळे स्त्रीला आणखी किती मुले हवी आहेत, हा प्रश्न निर्णयाच्या केंद्रस्थानी येतो. जिला हे अपत्य शेवटचे ठरवावयाचे आहे, तिच्या बाबतीत या धोक्याचे महत्त्व कमी होते. जिला आणखी अपत्ये हवी आहेत, तिच्या बाबतीत योनिमार्गी प्रसूतीचे पारडे जड होते.

यशाचा संभव : सर्वसाधारणपणे चाचणी दिलेल्या चार स्त्रियांपैकी तीन योनिमार्गे प्रसूत होतात. पूर्वी एकदा तरी, विशेषतः सिझेरियननंतर, योनिमार्गे प्रसूती झालेली असल्यास यशाचे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. हा सर्वांत अनुकूल घटक होय. आधीची शस्त्रक्रिया पायाळू मूल किंवा गर्भाच्या हृत्स्पंदांतील बिघाड यांसारख्या त्या वेळेपुरत्या कारणाने झाली असेल, तर यशाची अपेक्षा अधिक असते. कळा येऊनही प्रसूती पुढे न सरकल्याने ती करावी लागली असेल, तर अपेक्षा कमी होते. तथापि अशाही अनेक स्त्रिया पुढे योनिमार्गे प्रसूत होतात. कळा आपोआप सुरू होणे, मातेचे वय कमी असणे व मुलाचे वजन बेताचे असणे हे अनुकूल, तर मातेचा स्थूलपणा, मोठे मूल, दिवस उलटून जाणे व औषधाने आणलेल्या कळा हे प्रतिकूल घटक होत. अशा घटकांवरून संभव मोजण्याची गणिती पद्धत अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वंशाचा घटक धरल्यामुळे काही समाजांतील स्त्रियांचा संभव कमी दाखविला जाई. २०२१ मधील सुधारित पद्धतीतून तो घटक वगळण्यात आला. अशी गणिते समूहाचा अंदाज देतात, विशिष्ट स्त्रीचे भवितव्य सांगत नाहीत.

दोन प्रसूतींमधील अंतर १८ महिन्यांहून कमी असल्यास व्रण फाटण्याचा धोका वाढतो. श्राव्यातीत तपासणीने अधःखंडाची जाडी मोजता येते. परंतु किती जाडी सुरक्षित मानावी, याबाबत सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही.

चाचणी केव्हा देऊ नये : ऊर्ध्वखंडातील उभा व्रण, गर्भाशय पूर्वी फाटलेले असणे, वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, आडवा गर्भ आणि योनिमार्गी प्रसूतीस बाधक अशी अन्य कोणतीही स्थिती असल्यास चाचणी देत नाहीत. दोन आडवे व्रण असल्यास व्रण फाटण्याचे प्रमाण सु. १.४ टक्के व यशाचे प्रमाण सु. ७१ टक्के असते. अशा स्त्रीस अनुभवी प्रसूतिविज्ञाशी सविस्तर चर्चा केल्यानंतर व सुसज्ज रुग्णालयातच चाचणी देता येते.

कळांच्या काळातील दक्षता : रात्री-अपरात्रीही शस्त्रक्रियागृह, प्रसूतिविज्ञ, शुद्धिहरणतज्ञ, बालरोगतज्ञ व रक्तपेढीतील रक्त ज्या रुग्णालयात तत्काळ मिळू शकते, तेथेच चाचणी घ्यावी. घरी किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या आरोग्य केंद्रात ती घेऊ नये. कळा सुरू होताच स्त्रीने रुग्णालयात दाखल व्हावे. शिरेत सुई घालून ठेवतात, रक्तगट तपासून रक्ताची तजवीज करतात आणि गर्भाच्या हृत्स्पंदांची सतत नोंद घेतात. वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याभोवती द्यावयाचे औषध वर्ज्य नाही. प्रसूती पुढे सरकत आहे किंवा नाही हे एकाच अनुभवी व्यक्तीने पाहत राहणे इष्ट असते. ऑक्सिटोसीन फार जपून वापरतात. मिसोप्रोस्टॉल हे औषध कळा आणण्यासाठी अशा स्त्रीस देत नाहीत. चाचणी सुरू झाल्यानंतरही मातेस शस्त्रक्रिया मागण्याचा अधिकार असतो. त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला असून त्यापूर्वीच कळा सुरू झाल्या, तर काय करावयाचे हेही अगोदर ठरवून नोंदवून ठेवणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सिझेरियनने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. या दुसऱ्या पाहणीत सरकारी रुग्णालयांतील प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के होते. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के व गोव्यात ३९.५ टक्के होते. पहिल्या शस्त्रक्रियांची संख्या वाढली, की व्रणयुक्त गर्भाशय घेऊन दुसऱ्या बाळंतपणास येणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढते. त्यामुळे एकेकाळी मोजक्या स्त्रियांपुरता असलेला हा प्रश्न आता सामान्य झाला आहे.

महाराष्ट्रात या निर्णयास काही विशेष अडचणी येतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल असल्याने पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद एका गावी व दुसरी प्रसूती दुसऱ्या गावी, असे पुष्कळदा घडते. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर छेदाचा प्रकार व शस्त्रक्रियेचे कारण यांचा उल्लेख असेलच असे नाही. म्हणून पहिल्या प्रसूतीनंतरच शस्त्रक्रियेची पूर्ण नोंद मागून घेणे व ती जपून ठेवणे हितावह असते. ग्रामीण व डोंगराळ भागांत रक्तपेढी व शुद्धिहरणतज्ञ दूर असल्याने, चाचणी योग्य असूनही ती सुरक्षितपणे देता येत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये (२०११) सरकारी रुग्णालयांत योनिमार्गी व सिझेरियन या दोन्ही प्रसूती, औषधे, रक्त व वाहतूक विनामूल्य आहेत. त्यामुळे दूर राहणाऱ्या स्त्रीने प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस जिल्हा रुग्णालयाजवळ किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाजवळ राहावयास जाणे हा एक व्यवहार्य उपाय असतो.

संमती : हा निर्णय केवळ वैद्याचा नसतो आणि केवळ कुटुंबातील वडीलधाऱ्यांचाही नसतो, ज्या स्त्रीच्या शरीरावर त्याचे परिणाम होतात, तिची संमती त्यात निर्णायक होय. २००८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती ठरते, असा निर्णय दिला. त्यानुसार दोन्ही मार्गांचे लाभ व धोके, त्या रुग्णालयातील सोयी आणि स्त्रीच्या व्रणासंबंधीची उपलब्ध माहिती तिला समजेल अशा भाषेत सांगणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. ही चर्चा कळा सुरू झाल्यावर करणे निरुपयोगी असते. ती गर्भारपणाच्या मध्यास सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत निर्णय नोंदविणे योग्य समजतात. परिस्थिती बदलल्यास निर्णयही बदलता येतो.

दोहोंपैकी कोणताही मार्ग पूर्णपणे निर्धोक नाही. तसेच योग्य निवड व योग्य स्थळ असल्यास दोन्ही मार्गांनी बहुसंख्य माता व बालके सुखरूप राहतात. योनिमार्गे प्रसूत न झालेल्या स्त्रीच्या मनात बऱ्याच वेळा अपयशाची भावना राहते व घरातील बोलण्याने ती वाढते. तीस वैद्यकीय आधार नाही. पहिली शस्त्रक्रिया आवश्यक असेल तेव्हाच करणे, तिची नोंद स्त्रीच्या हाती देणे आणि दोन प्रसूतींत पुरेसे अंतर ठेवणे या तीन गोष्टी पाळल्या गेल्यास पुढील निर्णय पुष्कळ सुकर होतो.